अर्थिंगवाले तात्या

राळेगणसिद्धीला पाहुण्यांची सवय आहे. नालाबंडिंग बघायला, पाझर तलाव बघायला, यादवबाबांच्या देवळात टेकायला कुठून कुठून गाड्या येतात. इतक्या गाड्या म्हटल्यावर एखादी बिघडणारच, आणि गाडी बिघडली की तात्या येणारच. तात्या हे काही एका माणसाचं नाव नव्हे. सुप्याला, पारनेरला, शिरूरला, जिथे म्हणून बॉनेट उघडतं तिथे दोन मिनिटांत उगवणारी ही जमात आहे. राळेगणचे तात्या तेवढे जरा जास्त तोऱ्यात असतात, कारण त्यांच्या पाठीशी परंपरा आहे. अण्णा हजारे फौजेत ड्रायव्हर होते, 1965 च्या युद्धात खेमकरणला ट्रकवर होते, हे ते प्रत्येक गाडीवाल्याला ऐकवतात. ऐकवण्याची ढब अशी, की क्लीनरच्या जागी आपणच होतो.

समजा, दिवेलागणीला पुण्याची एक गाडी आली आहे आणि तिच्या डॅशबोर्डचे दिवे फडफडताहेत. मालक बॉनेट उघडून आत असा बघतोय, की तिथे सूचना लिहून ठेवल्या असाव्यात. तात्या टोपी मागे सारतात.

"एकलं मीटरच फडफडतंय, का मोठी लाइट बी?"

प्रश्न अगदी अचूक आहे. जाणता वायरमन पहिला हाच विचारतो. फक्त मीटर लुकलुकत असेल तर खोट डिमरमध्ये, मीटरमागच्या सॉकेटमध्ये किंवा तिथल्या अर्थच्या वायरीत. हेडलाइटही सोबत नाचत असेल तर शोध बॅटरी, अल्टरनेटर आणि त्यांच्या जोडण्यांचा. तात्यांची अडचण एवढीच, की प्रश्न विचारून ते उत्तराला थांबत नाहीत. मालक "हेडलाइटसुद्धा" म्हणेपर्यंत निकाल लागलेला असतो.

"अर्थिंग!"

अर्थिंग हे तात्यांचं त्रिफळा चूर्ण. विहिरीवरची मोटर जळाली, अर्थिंग. टीव्हीला मुंग्या आल्या, अर्थिंग. नातवाचा मोबाइल तापला, तरी तेच. वैताग असा, की गाडीच्या बाबतीत ते पुष्कळदा बरोबर निघतात. गाडीत वीज परत बॅटरीकडे येते ती लोखंडी सांगाड्यातूनच, आणि एका गंजक्या बोल्टापायी सगळे दिवे रडू शकतात. तात्यांची कीर्ती याच बोल्टावर उभी आहे.

निदानापाशी थांबले असते तर ठीक होतं. पण तात्यांकडे इलाजही असतो. "गाडी चालू ठेवा अन् बॅटरीची वायर काढा. बंद पडली, का समजायचं डायनामो गेला." डायनामोच्या जमान्यात हे खपून गेलं. आताच्या गाडीत चालू इंजिनावर बॅटरी सोडवली, तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. मालक बिचारा पाना शोधायला डिकीकडे वळतो, तेवढ्यात सुदैवाने वायरमन येतो.

पोरगा आयटीआय झालेला, बोलायला कमी. बंद गाडीवर मल्टिमीटर लावतो: 12.6 व्होल्ट. बॅटरी धड आहे. मग तो अतिशय अदबीने म्हणतो, "तात्या, आत बसा अन् रेस धरा. पंधराशेवर. सोडू नका हं."

या पोराची खरी कारागिरी ही! तात्यांचा पाय गुंततो, नजर काट्यावर खिळते, तोंड आपोआप मिटतं. इकडे मीटर 14.1 वर ठाम उभा. गाडी चालू असताना 13.8 ते 14.4 च्या आसपास दिसलं की चार्जिंग ठीक. आकडा उड्या मारत असता तर रेग्युलेटर किंवा झिजलेले कार्बन तपासावे लागले असते. आता हेडलाइट आणि एसी लावून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं गाडीच्या बॉडीला. इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसतं पाऊण व्होल्ट, तेही खालीवर.

गाडी बंद करून पोरगा निगेटिव्ह सोडतो, बॉडीवरचा बोल्ट काढतो. कुणीतरी हौसेने बसवलेल्या जादा हॉर्नची वायर त्याच बोल्टाखाली, रंगावरच, खुपसलेली. ती बाहेर येते. पॉलिश पेपरने जागा चकचकीत होते, बोल्ट आवळला जातो, वर ग्रीसचं बोट. गाडी चालू, दिवे गप्प.

"म्हंजी अर्थिंगच की!" आतून आवाज येतो.

"हो तात्या," पोरगा म्हणतो. वाद घालायला त्याला वेळ नाही, आणि पुढच्या गाडीलाही रेस धरायला माणूस लागेलच.

मालक पाकीट काढतो. किती झाले हे तो वायरमनला विचारतो, उत्तर तात्या देतात. "दोनशे द्या त्याला. त्यानं बी मेहनत घेतली."

पैसे दिले, बॉनेट लागलं, तरी तात्या ड्रायव्हरच्या सीटवरून हलत नाहीत. एसी अजून चालूच असतो. ते स्टिअरिंगवरून हात फिरवतात, मालकाला काचेजवळ बोलावतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "किती चाललीय? विकायची का?"