तासाची सायकल

सायकल मोटारीच्या पाठीवर बांधायची, ती मोटार पंधरा-सोळा मैल हाकायची, मग सायकल खाली उतरवून चालवायची आणि दमलं की पुन्हा मोटारीवर बांधून घरी आणायची, असा उद्योग करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तो नेमका माझाच जावई निघाला. शेफिल्डला मुलीच्या घरासमोर सकाळी तो पट्टे आवळत होता आणि मी चहाचा कप घेऊन बाजूला उभा होतो.

"मग घरापासून सायकलवरच का नाही जात?"

"चढ फार आहेत, बाबा. दमायला होतं."

"आणि तिथं जाऊन काय करायचं?"

"सायकल चालवायची."

मी गप्प बसलो. जावयाशी वाद घालू नये. त्यातून परदेशातल्या जावयाशी तर नाहीच नाही. परतीच्या दिवशी विमानतळावर सोडायला तोच येणार असतो.

मी सदाशिव पेठेतला, पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाचा. दादा, म्हणजे माझे वडील, रोज सायकलवर खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत जात. सकाळी संगमाच्या पुलावरून सायकलींचा लोंढा निघे आणि त्यातला एकही माणूस आजूबाजूला बघत नसे. भोंगा व्हायच्या आत पोचायचं, बस्स. तीस वर्षं दादांनी तो पूल रोज दोनदा ओलांडला. नदी कशी दिसते असं कुणी विचारलं असतं तर "ओली" म्हणाले असते. सायकलवर 'फिरायला' ते कधी गेले नाहीत. रविवारी सायकल चालवली जात नसे, पुसली जाई. शिवणाच्या मशीनच्या तेलाची बुधली, जुन्या धोतराचा बोळा आणि उलटी उभी केलेली ती काळी रॅले. तिच्या पुढच्या नळीवर पितळी बिल्ला होता आणि त्यावर लांब चोचीच्या पक्ष्याचं मुंडकं. तो चिंचेनं घासणं माझ्याकडे होतं. "बगळा चकाकला पाहिजे," एवढंच दादा म्हणत. आणि दर रविवारी न चुकता: "इंग्लिश माल आहे."

रॅलेचं मूळ गाव नॉटिंगहॅम शेफिल्डपासून तासाभरावर आहे हे कळल्यावर मी साहजिकच तीर्थयात्रेचा प्रस्ताव मांडला. जावयानं मोबाइलमध्ये पाहिलं आणि मोठ्या मायेनं सांगितलं की कारखाना कधीच गेला, तिथल्या जागेवर आता विद्यापीठ आहे. देवळाच्या जागी शाळा, म्हणजे तक्रारही करता येईना. मग माझं मन रमवावं म्हणून मुलीनं हा बेत काढला: पीक डिस्ट्रिक्टमधली मॉन्सल ट्रेल. साडेआठ मैल, शुद्ध निसर्ग, एकही मोटार नाही. शिवाय संपूर्ण सपाट.

या 'सपाट'कडे मी पुढे येणार आहे.

ट्रेल म्हणजे मुळात रेल्वेचा मार्ग. साठच्या दशकात ब्रिटिश रेल्वेनं तोट्यातले मार्ग धडाधड बंद केले. १९६३ साली डॉ. बीचिंग नावाच्या गृहस्थांनी दिलेल्या एका अहवालात पाच हजार मैल लोहमार्ग काढून टाका असं सुचवलं होतं. लंडन-मँचेस्टर मार्गाचा हा डोंगरातला तुकडा १९६८ मध्ये बंद झाला, रूळ उखडले गेले, आणि जिथून एक्सप्रेस गाड्या धावत तिथून आता माणसं आइस्क्रीम खात चालतात. आपल्याकडे गाडी बंद झाली असती तर रुळांवर आधी कपडे वाळत पडले असते, मग भाजी बसली असती आणि मग नगरसेवक. इथं नुसतं गवत उगवलं. देशाला महत्त्वाकांक्षा नाही ती अशी.

आम्ही हॅसॉपच्या जुन्या स्टेशनात उतरलो. बेकवेलचं स्टेशन इथून जेमतेम मैलभरावर. एवढ्याशा अंतरात दोन स्टेशनं कशाला, तर एक रटलंडच्या ड्यूकच्या सोयीचं आणि एक डेव्हनशरच्या ड्यूकच्या. भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते हा गैरसमज गेला, आणि बरं वाटलं.

सायकली भाड्यानं मिळतात हे ऐकल्याबरोबर माझ्या पोटात जुना खड्डा पडला. आमच्या लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात तासाला वीस पैशांनी सायकल मिळे. दुकानदार वहीत नाव लिही, वेळ लिही आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे असा पाही की आपण सायकल नव्हे, घड्याळच घेऊन चाललोय. पाच मिनिटं उशीर झाला की दुसऱ्या तासाचे पैसे. त्यामुळे तासाच्या सायकलवर मी कधीच कुठं पोचलो नाही. टिळक स्मारकाच्या चौकात आलं की छातीत धडधड सुरू, पर्वतीचा पायथा दिसला की उलटं वळायचं. जेवढं लांब जाल तेवढंच परत यावं लागतं, हे गणित मला शाळेनं नाही, त्या वहीनं शिकवलं. सुटल्याची वेळ मी मनात टिपून ठेवली: दहा वीस.

पैसे मुलीनं भरले. किती, ते मी विचारलं नाही, कारण कुठलाही आकडा ऐकला की मी तो रुपयांत करतो आणि मग बायको चार तास बोलत नाही.

सायकल दिमाखदार होती, फक्त तिच्यावर बगळा नव्हता. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही. गिअर मात्र एकवीस. आमच्या सायकलला एकच गिअर होता आणि तो म्हणजे उतरून ढकलणे. डोक्यावर हेल्मेट आलं, अंगावर पोपटी जाकीट आलं. काचेत पाहिलं तर अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर दोर धरून उभा राहणारा स्वयंसेवक.

बायकोनं विजेची सायकल घेतली. "गुडघे," एवढंच ती म्हणाली. वास्तविक लग्नापूर्वी ती लेडीज सायकलवर रोज कॉलेजला जायची, हे मला ठाऊक होतं. तिच्याशी बोलता यावं म्हणून मी माझी चेन चार वेळा पाडली होती. मग लग्न झालं, लूना आली, स्कूटर आली आणि ती मागच्या सीटवर गेली. इंग्लंडच्या कायद्यानं विजेच्या सायकलची मोटर ताशी साडेपंधरा मैलांनंतर मदत करायची थांबते. मला मागे टाकायला तिला त्याच्या निम्मीही पुरली.

आता सपाटाबद्दल. रेल्वेच्या भाषेत शंभर फुटांमागे एक फूट चढ म्हणजे काय ते इंजिनाला विचारावं. डोळ्यांना तो दिसतच नाही. डोळे सांगतात सपाट, मांड्या सांगतात सिंहगड. मैलभर मला वाटलं चाकात हवा कमी आहे. दुसऱ्या मैलाला वाटलं ब्रेक घासतोय. तिसऱ्यापाशी जावई सहज म्हणाला, "या चढाला पूर्वी मालगाड्यांना मागून आणखी एक इंजिन लावायचे म्हणे, ढकलायला." म्हणजे कर्जत! आयुष्यभर खंडाळ्याच्या घाटात मागची इंजिनं पाहिली, वडे खाल्ले, पण गाडीला आतून काय वाटत असेल याचा विचार कधी केला नव्हता.

"तुम्ही तर म्हणालात सपाट आहे!"

"येताना सपाट वाटेल, बाबा."

दोन्ही बाजूंना डेर्बीशरच्या टेकड्या, त्यांवर चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे, अगदी आपल्या कोकणातल्यासारखे, फक्त जांभ्याच्या ऐवजी राखाडी. गडग्यांमधून मेंढ्या. मेंढ्या मान वर करून माझ्याकडे पाहत आणि पुन्हा चरू लागत. पुण्यात रिटायर झाल्यापासून मला या वागणुकीची सवय आहे.

माणसं मात्र विलक्षण सभ्य. पुढं कुणी चालत असलं की घंटी वाजवायची. घंटी वाजली की तो "सॉरी" म्हणून बाजूला होतो. त्यानं सॉरी म्हटलं म्हणून आपण सॉरी म्हणायचं, मग तो "थँक यू" म्हणतो, आपणही म्हणतो. पहिल्या पाऊण तासात मी जेवढी माफी मागितली तेवढी अडतीस वर्षांच्या संसारात मागितली नव्हती, असं बायको म्हणाली. म्हणाली ती पुढून. वाऱ्यावर ऐकू आलं.

मग हेडस्टोनचा बोगदा. या वाटेवरचे बोगदे बरीच वर्षं बंद होते, २०११ मध्ये सायकलवाल्यांसाठी उघडले. आत दिवे आहेत, वरून पाणी ठिबकतं आणि जून महिन्यात कानाला मफलर हवासा वाटतो. बोगदा आला की ओरडायचं, हा मनुष्यधर्म इंग्लंडातही पाळला जातो. पुढं एक शाळकरी पोरगा "हुऊऊ" करत गेला, त्याच्यामागे माझी बायको "अगं बाईऽऽ" करत गेली. तो 'बाई' भिंतींवर आपटत पाचशे यार्ड घुमला. माझ्यामागून येणारे एक आजोबा मला सॉरी म्हणाले.

बोगदा संपतो आणि एकदम पायाखालची जमीनच जाते. पुलावर आलेलो असतो आपण. खाली वाय नदी वळसा घेऊन निघालेली, दोन्हीकडे हिरवे कडे, आणि मध्ये १८६३ चा हा पाच कमानींचा दगडी पूल. पूल झाला म्हणून जॉन रस्किन भयंकर चिडला होता. गांधीजींना ज्याच्या पुस्तकातून सर्वोदय सापडला तोच हा रस्किन. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की देवांच्या योग्यतेची दरी तुम्ही फोडलीत कशासाठी, तर बक्स्टनच्या मूर्खांना अर्ध्या तासात बेकवेल गाठता यावं आणि तिकडच्यांना इकडं येता यावं म्हणून. आणि १९७० साली त्याच पुलाला संरक्षित वास्तू ठरवलं. शंभर वर्षं टिकलं की वाडा काय नि पूल काय, सुंदरच दिसायला लागतो. मला एवढंच वाटलं की रस्किनला कळवावं: सदाशिव पेठेतला मूर्ख त्याच वाटेनं चाललाय, पण त्याला अर्ध्या तासात काही जमत नाहीये.

बायको कठड्याशी सायकल लावून उभी होती. हेल्मेटमधून केस बाहेर आलेले.

"अहो, काय सुंदर आहे हो!"

"आहे खरं." मला श्वास लागला होता.

"अडतीस वर्षं तुमच्यामागे बसून हिंडले. महाबळेश्वर पाहिलं, पानशेत पाहिलं. अर्धं डावीकडून, अर्धं उजवीकडून. मधल्या भागात तुमचा स्वेटर."

यावर काय बोलणार? स्वेटर तिनंच विणलेला होता, हे मी म्हणालो नाही. मी घड्याळ पाहिलं.

पुढं क्रेसब्रुक आणि लिटन या दोन कापडगिरण्या लागतात, नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या. लिटनच्या गिरणीत अनाथ पोरांना आणून राबवत, मारत. रॉबर्ट ब्लिंको नावाच्या त्यांतल्याच एकाची हकिगत १८३२ मध्ये छापून आली आणि बरीच गाजली. एवढ्या गोड दरीत पोरं उपाशी सूत कातत होती, हे त्या झाडांकडे पाहून खरं वाटत नाही. आता दोन्ही गिरण्यांत फ्लॅट झालेत. इथं मात्र मला परक्यासारखं अजिबात वाटलं नाही. लालबाग-परळची फार आठवण आली.

मिलर्स डेलच्या स्टेशनात चहाला थांबलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. चहा संपला तरी कुणी उठेना. मुलगी डोळे मिटून उन्हात. जावई चुन्याच्या जुन्या भट्ट्या बघायला गेला. बायको एका बाईशी बोलत होती. एकीचं इंग्रजी दुसरीला कळत नव्हतं, पण दोघींना घाई नव्हती. बारा पस्तीस. म्हणजे सव्वादोन तास झाले. तिसरा तास चालू. परत जायला किमान एक तास, म्हणजे चौथा लागणार. तिघांचे चार तास, त्यांतली एक विजेची...

"निघू या?"

"बसा हो जरा."

"मी पुढं होतो. तुम्ही सावकाश या."

जावई खरं बोलला होता. परतीला उतार होता. मी सुटलो. बारा वर्षांचा असताना पर्वतीच्या पायथ्याहून सुटायचो तसा सुटलो. एकवीस गिअरांतला सापडला तो टाकला. बोगदे, गिरण्या, रस्किन, मेंढ्या, सगळं मागं सरत गेलं. सॉरी, थँक यू, सॉरी, सॉरी. घोड्यावर बसलेली एक बाई दिसली तेव्हा सभ्यपणे उतरलो, घोड्यालाही सॉरी म्हणालो आणि पुन्हा निघालो. पूल आला कधी आणि गेला कधी कळलं नाही. एक सतराला मी हॅसॉपच्या दारात होतो, घामानं निथळत, तीन मिनिटं राखून.

काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी पाहिली, मला पाहिलं, मग सायकलकडे पाहिलं.

"काही बिघडलं का?" त्यानं काळजीनं विचारलं.

"नाही. वेळेत आलो."

"पण तुमची सायकल दिवसभराची आहे, सर. पाचपर्यंत."

मी बाहेर बाकावर बसलो. सायकल समोर उभी. स्टँड नसल्यामुळे तीही माझ्यासारखी भिंतीला टेकून. तेवढ्यात एक सर येऊन गेली, माझ्यापुरतीच पडली आणि गेली.

तासाभरानं तिघं आली. बायकोचे गाल लाल, कानामागे कसलंसं रानफूल.

"कुठं पळालात हो? पुलावर आम्ही अर्धा तास उभे होतो. खाली नदीत एक पक्षी होता बघा, एवढा उंच, राखाडी. बांधावर एका पायावर. इतका वेळ हलला म्हणून नाही. चोच ही अशी लांब..."

"बगळा," मी म्हणालो.

"तुमच्या दादांच्या सायकलवर होता ना, अगदी तस्सा."

मी घड्याळ पाहिलं. सव्वादोन. पाचला पावणेतीन तास होते. मी उठलो, हेल्मेटचा पट्टा लावला आणि भिंतीपासून सायकल सोडवली.

"अजून असेल का गं तो?"

"उडाला की मघाच," बायको म्हणाली. "बसा. चहा घ्या."