सीट विकत, भिंत फुकट

नॅसकारच्या मोटारशर्यतींतला एखादा ड्रायव्हर भिंतीवर आदळून जायबंदी झाला की अमेरिकेत प्रेक्षकांच्या एका गटाचं मत तयारच असतं. बापाच्या पैशावर गाडीत बसला, कोट्यवधी कमावले, आता लागलं तर लागलं. जुने ड्रायव्हर खरे, त्यांनी हाडं झिजवून जागा मिळवली. आताच्या पोरांना जागा आयती मिळते, मग त्यांची कीव कसली करायची?

या मताचा मला राग येतो. त्यातला घराणेशाहीबद्दलचा संताप खोटा नाही. पण तो संताप भलत्याच माणसावर निघतो, आणि ज्यांच्यावर निघायला हवा ते मात्र सुखात राहतात.

कर्ट बुशचंच घ्या. वडील अवजारं विकायचे. कर्ट लास व्हेगासच्या पाणीपुरवठा खात्यात रात्रपाळीला फुटलेले पाइप दुरुस्त करायचा. १९९९ साली जॅक रॉशच्या टीमने नवख्या ड्रायव्हरांची चाचणी घेतली, त्यातून त्याला नॅसकारच्या तिसऱ्या स्तरावरच्या ट्रक मालिकेत जागा मिळाली. पाच वर्षांत तो नॅसकारचा विजेता झाला. स्वभाव तापट, तोंड फटकळ. त्यापायी एक टीम गेली, निलंबनही झालं. २३ जुलै २०२२ला पोकोनोच्या ट्रॅकवर क्वालिफायिंगच्या फेरीत त्याची गाडी घसरली आणि मागच्या बाजूने भिंतीवर गेली. टीव्हीवर पाहताना ती धडक काही फार भयंकर वाटली नाही. गाडीने पलट्या खाल्ल्या नाहीत, आग लागली नाही. कर्ट उतरला. पण डोक्याला बसलेला हादरा काही उतरेना. आठवडे गेले, महिने गेले. पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली.

त्याच मोसमात टेक्ससला ॲलेक्स बोमनची गाडीही मागूनच भिंतीला लागली. तो पाच शर्यती बाहेर बसला. दोघांची गाडी एकाच पद्धतीची होती. त्या वर्षी नॅसकारने सगळ्या टीमना एकसारखी नवी गाडी दिली होती. भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचे, म्हणजे खर्च आवाक्यात राहील, असा हिशोब होता. गाडी मजबूत निघाली, जरा जास्तच मजबूत. मागचा भाग चेपलाच जात नव्हता, त्यामुळे धडकेचा जोर लोखंडाने न घेता माणसाने घेतला. मागून बसणारे धक्के अंगात जातात, अशी तक्रार ड्रायव्हर त्याआधीपासून करत होते. मागच्या सांगाड्यात बदल झाले ते २०२३च्या मोसमासाठी. तोवर दोन मेंदूंनी किंमत मोजली होती.

आता सांगा, कर्टने जागा कमावली होती की नव्हती, याचा त्या सांगाड्याशी काय संबंध?

जुन्यांच्या कर्तबगारीबद्दल मला शंका नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात हातभट्टीची दारू पोचवताना पोलिसांना चकवत ज्युनिअर जॉन्सन गाडी शिकला. १९५६ साली बापाच्या भट्टीवर पकडला गेला, अकरा महिने तुरुंगात काढले, बाहेर येऊन पुन्हा जिंकायला लागला. एकूण ५० विजय. १९८६मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. असा माणूस दंतकथा होणारच. पण या दंतकथेच्या जोरावर ‘तेव्हा कष्टाला जागा मिळायची’ असा नियम कुणी सांगू लागलं, की मी वेन्डेल स्कॉटचं नाव घेते.

व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा हा मेकॅनिक. टॅक्सी चालवली, दारूही वाहिली. म्हणजे दंतकथेला लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं, फक्त कातडी काळी होती. जुनी गाडी, वापरलेले भाग. इंजिन स्वतः खोलायचं, मदतीला मुलं. १ डिसेंबर १९६३ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर तो सगळ्यांच्या पुढे होता. शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा मात्र बक बेकरला दाखवला गेला. करंडक बेकरला, सत्कार बेकरचा. काही तास उलटले, प्रेक्षक घरी गेले, मग अधिकाऱ्यांनी सांगितलं की लॅप मोजण्यात चूक झाली, जिंकलास तू. चूक झाली यावर स्कॉटच्या घरच्यांनी कधीच विश्वास ठेवला नाही. गोऱ्या सुंदरीने काळ्या विजेत्याचा भर मैदानात मुका घेऊ नये म्हणून हे केलं, असं ते म्हणत आले. मला तेच खरं वाटतं. दोन लॅप पुढे असलेला माणूस नजरचुकीने दिसेनासा होत नाही. स्कॉट १९९०मध्ये वारला. नॅसकारने त्याच्या कुटुंबाच्या हातात करंडक दिला तो ऑगस्ट २०२१मध्ये.

जागा कमावणं म्हणजे काय, हे स्कॉटइतकं कुणी दाखवलं नसेल. पण त्याला मिळालं काय? तेव्हा ‘कमावणाऱ्याला मिळतं’ हे जुन्या काळाबद्दल तरी बोलू नका.

घराणेशाही ही आजची देणगी आहे, हेही खरं नाही. १९५९ची पहिली डेटोना ५०० जिंकणाऱ्या ली पेटीचा मुलगा म्हणजे २०० विजयांचा रिचर्ड पेटी. फरक एवढाच की त्या घरात लाड नव्हते. त्याच वर्षी अटलांटात रिचर्डला आधी विजेता घोषित केलं, तेव्हा लॅपची मोजणी चुकली म्हणून तक्रार करणारा त्याचा बापच होता. बाप खरा ठरला, विजय बापाकडे गेला. डेल अर्नहार्ट गरिबीतून आला, शाळा अर्ध्यावर सोडली, सगळं मान्य. पण त्याचे वडील राल्फ हेही नावाजलेले ड्रायव्हर होते. आणि कॅलिफोर्नियातून आलेल्या जेफ गॉर्डनला नव्वदच्या दशकात लोकांनी गुळगुळीत पोर म्हणून हिणवलं. सावत्र बापाने त्याच्या शर्यतींसाठी घर इंडियानाला हलवलं होतं. आज तोच गॉर्डन जुन्या, खऱ्या ड्रायव्हरांच्या यादीत बसवला जातो.

तरीही आज काहीतरी बिघडलं आहे, हे मी नाकारत नाही. पाच-सहा वर्षांच्या पोराला छोट्या गाडीत बसवायचं, मग दरवर्षी मोठी गाडी, मोठा ट्रॅक, मोठं बिल. ट्रक मालिकेच्या दारात पोचेपर्यंत टीमचा पहिला प्रश्न वेगाबद्दल नसतो. बरोबर स्पॉन्सर कोणता आणतोस, असं विचारलं जातं. पॉल मेनार्डच्या गाडीवर बापाच्या दुकानसाखळीचं नाव होतं. सगळ्यात वरच्या मालिकेत चारशेहून जास्त शर्यती, विजय एक. तो एक विजय २०११चा इंडियानापोलिसचा, म्हणजे लिंबूटिंबू शर्यतीतला नव्हे. पण दुसऱ्या कुणाला एका विजयावर एवढी वर्षं मिळाली नसती. ऑस्टिन डिलन आजोबांच्या टीममध्ये आहे, टाय गिब्ज आजोबांच्या टीममध्ये आहे. यात बापाचा गुन्हा काय? मुलासाठी ऐपत असलेला बाप खर्च करणारच. गुन्हा जागेला भाव लावणाऱ्याचा आहे.

दुसऱ्या बाजूला जॉश बेरी. टेनेसीतल्या हेंडरसनव्हिलमध्ये बँकेच्या काउंटरवर बसायचा. रात्री घरच्या कॉम्प्युटरवर आयरेसिंग नावाच्या खेळात गाडी चालवायचा, आणि तिथे त्याची गाठ पडली डेल अर्नहार्टच्या मुलाशी, डेल ज्युनिअरशी. ज्युनिअरने त्याला आपल्या टीमची गाडी दिली, पण खालच्या स्तरावरची. शनिवारी रात्री गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर धावते ती. तिथे बेरीने दहा वर्षं काढली. गाडी स्वतः बांधायची, जिंकायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. वर नेणारा स्पॉन्सर कुणी नव्हता. २०२०मध्ये तो नॅसकारच्या साप्ताहिक शर्यतींचा राष्ट्रीय विजेता झाला. तेव्हा कुठे दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेत त्याला काही शर्यती देऊ केल्या, तीही जागा एका तरुण पोराबरोबर वाटून घ्यायची. त्याने मार्टिन्सव्हिलला लगेच शर्यत मारली. २०२४मध्ये वरच्या मालिकेत आला, तर त्या टीमने मोसमाच्या मध्यावरच गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अखेर मार्च २०२५मध्ये लास व्हेगासला वुड ब्रदर्सच्या गाडीतून तो जिंकला. वय चौतीस.

नॅसकार बेरीची कहाणी मोठ्या अभिमानाने सांगते. मला ती ऐकताना अस्वस्थ व्हायला होतं. एवढा वेगवान माणूस दहा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जिंकत होता, आणि तो सापडायला एक कॉम्प्युटरवरचा खेळ लागला! शिवाय त्याचा हात धरणारा होता कोण? ज्याला आडनाव वारशाने मिळालं होतं तोच. घराणेदार पोरांवर तोंडसुख घेणाऱ्यांनी डेल ज्युनिअरकडे जरा बघावं. त्याने स्वतःच्या मेंदूला बसलेले हादरे लपवले, लक्षणं गुपचूप फोनमध्ये टिपून ठेवली, २०१६मध्ये अर्धा मोसम घरी बसला आणि मग ते सगळं पुस्तकात उघड लिहिलं. मेंदूचे हादरे लपवू नका, हे पुढच्या ड्रायव्हरांना त्याच्यामुळे मोठ्याने बोलता आलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘कीव करू नका’ हे वाक्य कुणाच्या सोयीचं आहे?

कर्टिस टर्नरने ड्रायव्हरांची युनियन बांधायचा प्रयत्न केला, तर नॅसकारचे संस्थापक बिल फ्रान्स यांनी त्याला १९६१मध्ये तहहयात बंदी घातली. चार वर्षांनी उठवली, तोवर धडा सगळ्यांना मिळाला होता. १९६९मध्ये टॅलाडेगाचा नवा ट्रॅक इतका वेगवान निघाला की टायर टिकेनात. रिचर्ड पेटीच्या पुढाकाराने बहुतेक बडे ड्रायव्हर शर्यत सोडून निघून गेले. फ्रान्स यांनी मिळतील त्या ड्रायव्हरांना घेऊन शर्यत पार पाडलीच. ड्रायव्हरांनी नव्याने बांधलेली संघटनाही पुढे विरून गेली. पाहा, ज्या जुन्या मर्दांच्या नावाने आजच्यांना रडके म्हणतात, त्या मर्दांनीही जिवाची भीती वाटते असं स्वच्छ सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही एवढंच.

न ऐकण्याचा हिशोब २००० साली आला. १२ मे रोजी न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सरावात ॲडम पेटी गेला. रिचर्डचा नातू, लीचा पणतू, वय एकोणीस. जुलैत त्याच ट्रॅकवर, जवळजवळ त्याच जागी केनी अर्विन गेला. ऑक्टोबरमध्ये टेक्ससला टोनी रोपर. मान बांधून ठेवणारं हान्स नावाचं उपकरण तेव्हा बाजारात होतं, पण सक्तीचं नव्हतं. अर्नहार्टला स्वतःला ते पसंत नव्हतं. १८ फेब्रुवारी २००१ला डेटोनाच्या शेवटच्या लॅपमध्ये तोही भिंतीवर गेला आणि संपला. सक्ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आली. मग भिंतींना धक्का शोषणारं आवरण बसू लागलं. त्यानंतर नॅसकारच्या वरच्या तिन्ही मालिकांत शर्यतीच्या धडकेने एकही ड्रायव्हर गेलेला नाही. म्हणजे उपाय होता, पण तीन प्रेतं पुरेशी वाटली नाहीत. चौथं सगळ्यात लाडक्या माणसाचं पडलं, तेव्हा हालचाल झाली.

लायकी बघून हळहळायचं म्हटलं की हे असं होतं. कुणाच्या मरणाने नियम बदलायचे, तेही लायकीवर ठरू लागतं.

टाय गिब्जवर माझंही फारसं प्रेम नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये मार्टिन्सव्हिलला त्याने शेवटच्या लॅपमध्ये स्वतःच्याच टीममधल्या ब्रॅण्डन जोन्सला ढकलून शर्यत जिंकली. मैदानाने हुर्यो उडवली, ती योग्यच होती. आठवड्याने फिनिक्सला तो दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेचा विजेता झाला. पुन्हा हुर्यो. त्या रात्री त्याचे वडील कॉय झोपेतच गेले, वय एकोणपन्नास. आजोबा जो गिब्ज यांचा हा दुसरा मुलगा. थोरला जे. डी. २०१९मध्ये गेला होता. पोरगा वीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत तो बसला नाही. त्याच्या ढकलण्याला नावं ठेवा, मीही ठेवते. पण त्या रविवारी ‘आजोबांची टीम आहे, त्याला काय कमी’ असं ज्याच्या मनात आलं असेल, त्याने आपल्या मनाकडे एकदा बघावं.

हुर्यो उडवायची तर तिलाही योग्य पत्ता आहे. २०१६पासून वरच्या मालिकेत टीममालकांसाठी ३६ राखीव जागा आहेत. त्यांच्या मालकीवरून आणि पैशाच्या वाट्यावरून मालक आणि नॅसकार यांच्यात भांडण लागलं, मायकल जॉर्डनची टीम ऑक्टोबर २०२४मध्ये कोर्टात गेली, डिसेंबर २०२५मध्ये तडजोड झाली आणि मालकांच्या जागा कायमच्या झाल्या. मालकांना वकील परवडतात. ड्रायव्हरांकडे २०२२पासून एक सल्लागार मंडळ आहे. त्याला बोलता येतं, पण गाडी धोक्याची आहे म्हणून शर्यत थांबवता येत नाही. तो अधिकार द्या. आणि साप्ताहिक शर्यतींच्या राष्ट्रीय विजेत्याला पुढच्या वर्षी ट्रक मालिकेत पूर्ण मोसमाची जागा द्या, खर्च नॅसकारने करावा. रॉशने १९९९मध्ये चाचणी घेऊन रात्रपाळीचा पाणीवाला शोधला होता. नॅसकारला तर शोधायचीही गरज नाही, दरवर्षीच्या विजेत्याचं नाव तिच्याच दप्तरात आहे.