आईला पुन्हा ॲडमिट करू का, साहेब?

प्रति,
माननीय प्रमुख, दावे विभाग,
आमची आरोग्य विमा कंपनी
(नाव लिहीत नाही. वाचताना तुमचं तुम्हाला कळेल.)



आपलं नामंजुरीचं पत्र पोचलं. पावती १,२०० रुपयांची, शेरा एका ओळीचा: ‘शिक्षण व समुपदेशन शुल्क – देय नाही.’ त्याच आठवड्यात आपला मेसेजही आला होता. आईच्या हॉस्पिटलचे ४८,००० रुपये मंजूर, आणि खाली शुभेच्छा, की पेशंटला लवकर आराम पडो. तेव्हा आधी आभार मानते, मग भांडायला घेते.

ते ४८,००० कशापायी गेले, हे आपल्या फायलीत नसणार. आईला इन्शुलिन सुरू होऊन बरीच वर्षं झाली. सुई कशी टोचायची ते मेडिकलच्या दुकानातल्या पोराने काउंटरवरच दाखवलं होतं: बेंबीपासून जरा उजवीकडे. आईने ती जागा इमानेइतबारे सांभाळली. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली चरबीची गाठ धरते, आणि गाठीत टोचलेलं इन्शुलिन कधी अंगी लागतं, कधी लागत नाही. साखर चढीच दिसायची, डॉक्टर युनिटं वाढवत जायचे. बाहेर पेशंटांची रांग असताना ते तरी रिपोर्ट बघणार की पोट चाचपणार? मग शेजारच्या काकूंनी सुचवलं म्हणून आईने बाजू बदलली. चांगल्या जागी तो वाढवलेला डोस सगळाच्या सगळा लागू पडला. पहाटे ती घामाने डबडबलेली, जीभ जड, मला ‘तू कोण’ विचारतेय. ग्लुकोमीटरवर आकडा ४१. पुढचं सगळं आपण आनंदाने भरलंत: आयसीयू, सलाईन, तपासण्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी एका डायबेटिस एज्युकेटर बाईंकडे पाठवलं. त्यांनी पाऊण तास दिला. आधी आईच्या पोटावरून हात फिरवला आणि तिचाच हात त्या गाठीवर ठेवला. जागा कोणत्या क्रमाने बदलायची ते कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. साखर उतरल्यासारखी वाटली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्या वेळी पेढा नको, कारण तुपादुधात साखर लवकर चढत नाही. एकादशीचा साबुदाणा, तापात डोस बंद न करणं, झोपताना आरसा धरून तळपाय बघणं, सगळं मराठीत, न रागावता. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘इतकी वर्षं हे कुणी बोललंच नाही गं.’

हेच ते देय नसलेलं समुपदेशन.

मी आपल्या पॉलिसीची पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. (माझ्याआधी कुणी वाचली असेल असं वाटत नाही, छापणाऱ्यानेही नसेल.) हॉस्पिटलात सलग २४ तास मुक्काम हवा. हॉस्पिटल म्हणजे आमच्या नाशिकसारख्या शहरात किमान १५ खाटा. बाईंच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि प्लास्टिकची भाकरी. डॉक्टर म्हणजे ज्याची वैद्यक परिषदेत नोंद आहे तो; बाई एज्युकेटर, म्हणजे आपल्या हिशेबी कुणीच नाहीत. डिस्चार्जनंतर ६० दिवसांतला उपचाराचा खर्च मिळतो असं छापलंय, त्यात बसवायला गेले तर उत्तर आलं की हा उपचार नव्हे, सल्ला आहे. ओपीडीचा रायडर घ्या म्हणालात, तर तिथेही दारात तोच नोंदणीकृत डॉक्टर उभा.

मग आपल्या फोनवरच्या साहेबांनी मला गुपित सांगितलं. ‘मॅडम, हेच पेशंट ॲडमिट असताना केलं असतं ना, तर हॉस्पिटलच्या बिलात जिरून गेलं असतं.’

ते खोटं बोलत नव्हते. पुस्तिकेच्या शेवटी विमा नियामकाने ठरवलेल्या याद्या आहेत. चौथ्या यादीत आहारतज्ज्ञाची फी आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या येतात: वेगळे पैसे लावायचे नाहीत, उपचाराच्या खर्चातच धरायचे. पेशंटची लूट थांबावी म्हणून केलं असेल, मान्य. पण ज्या कामाचे वेगळे पैसे नाहीत त्या कामाला हॉस्पिटल माणूस कशाला ठेवील? म्हणून वॉर्डात एक मुलगी येते, ‘गोड, तेलकट, भात बंद’ असा छापील कागद उशाशी ठेवते आणि पुढच्या खाटेकडे जाते. ते जिरलेलं शिक्षण.

पहिली यादी त्याहून वाचनीय. तिच्यातल्या वस्तूंचा खर्च पेशंटने स्वतः करायचा: कॅरीबॅग, टीव्हीचे पैसे, सौंदर्यसेवा आणि मधुमेहींची पादत्राणे. बधिर झालेल्या तळपायाला जखम होऊ नये म्हणून घालायचा जोडा आपल्याकडे फेशियलच्या पंगतीला. तोच पाय चिघळला आणि कापावा लागला, की ऑपरेशन देय, भूल देय, खोलीभाडं देय. कित्येक जुन्या मेडिक्लेम पॉलिसींत कृत्रिम पायसुद्धा देय! म्हणजे पाय असेपर्यंत तो आमचा, आणि गेला की कंपनीचा?

आईच्या वयाच्या बाईला बेशुद्ध पडल्याशिवाय तुम्ही ओळखच देत नाही, साहेब. चालत, बोलत, वही घेऊन शिकायला आली तर ती तुमच्या लेखी आजारीच नाही. बरं, शिकण्यासाठी म्हणून ॲडमिट केलं असतं, तर ‘केवळ तपासणी व मूल्यमापनासाठी दाखल’ असा शेरा मारून तुम्ही तेही परत पाठवलं असतं. ते वगळणुकीचं कलमही पाठ झालंय मला. लाज नावाचा रकाना तुमच्या फॉर्मात आहे का कुठे?

असो. आवाज चढला.

यामागचा हिशेब न कळण्याइतकी मी भाबडी नाही. पॉलिसी वर्षावर्षाची. आज तुम्ही १,२०० भरून आईला शहाणं केलंत, तर तिची किडनी दहा वर्षांनी वाचेल. तोवर आम्ही पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत गेलेलो असू अशी तुमची धास्ती, आणि तुमच्या पैशाने वाचलेलं डायलिसिस त्यांच्या ताळेबंदात शोभेल. सरकारी योजनाही मुख्यतः ॲडमिट झालेल्यालाच ओळखतात. अमेरिकेतल्या मेडिकेअरमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर मधुमेह शिकवायचे पहिल्यांदा १० तास मिळतात, नंतर वर्षाला २. वर वीस टक्के पदरचे. तिथलेही लोक कुरकुरतात. मलाही ती कुरकुर एकदा करून बघायची आहे.

२०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचं सांगितलं. गोव्यात तर प्रौढांमध्ये प्रमाण २६.४ टक्के. यातल्या काहींनी तरी तुमच्याकडे हप्ते भरले असतील. बहुतेकांना सुई मेडिकलच्या पोराने शिकवली असेल.

आणि काही जण तुमच्याच कचेरीत बसले असतील. फोनवरच्या त्या साहेबांवर मी बरीच ओरडले. त्यांनी मध्ये तोडलं नाही. ‘कॉल रेकॉर्ड होतोय मॅडम,’ एवढंच दोनदा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, त्या बाई रविवारी असतात का? स्वतःलाच दोन वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू, दिवसभर खुर्चीत, जेवण चारला. डॉक्टर म्हणतात डाएट करा. कसं करायचं ते कुणी सांगितलं नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, पण त्यात हे बसत नाही, हे त्यांना माझ्याआधीच ठाऊक होतं. दिवसभर दुसऱ्यांना जे नाकारायचं, तेच स्वतःला हवं असणं म्हणजे काय, याचा मी तोवर विचारच केला नव्हता. त्यांचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

नूतनीकरणाचा हप्ता पुढच्या महिन्यात भरेन. सोडून जायची सोय नाही. आईच्या वयाला आणि आजाराला आता नवं दार कोण उघडणार, हे आपणही जाणता.

आपली,
एक पॉलिसीधारक

ता. क. – फोनवरच्या साहेबांसाठी: बाई रविवारी नसतात, शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत असतात. पत्ता एसएमएस केला आहे. फी वाढून १,४०० झाली आहे, पावती मागून घ्या. दावा दाखल कराच. नामंजुरीच्या पत्रावर सही बहुधा तुमचीच असेल.