लाभ, लाभ, नाही, लाभ

पन्नाशीनंतर माणसानं गुडघे सांभाळावेत. मी पायथन शिकायला घेतलं. पहिल्याच आठवड्यात गणित आलं: तेरा हा आकडा फक्त शून्य आणि एक वापरून, म्हणजे द्विमान पद्धतीनं, छापून दाखवा. कृती सोपी. दोननं भागत जायचं, बाकी लिहीत जायची. मी लिहिलं; उत्तर आलं १०११. चूक. पुन्हा चालवलं. संगणक प्रामाणिक; तीच चूक पुन्हा दिली.

शनिवारी मार्गासनीला आत्याकडे गेलो. लोक इथून राजगडाकडे वळतात. मी ओसरीवर लॅपटॉप उघडून १०११शी झुंजत बसलो. पाऊस आला, लाईट गेली, आणि शेजारीण आली. आत्यानं तिच्याकडून थोडे थोडे करून तेरा चिपटी तांदूळ उसने आणले होते. ते आज फेडायचे होते.

देशात १९५८ पासून किलो आला, पण आत्याच्या कोठीपर्यंत पोचला नाही. तिथं अजून दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी. तेरा वेळा चिपटं बुडवण्याइतकी आत्या रिकामी नव्हती. तिनं अडशेरी भरली, म्हणाली, "लाभ." मापताना पहिल्या मापाला आपल्याकडे एक म्हणत नाहीत. मग शेर भरला, "लाभ." मापट्याला हातही लावला नाही. चिपटं भरलं, "लाभ."

मी ताडकन उठलो. आठ, चार, नाही, एक. ११०१! गणितज्ञ लायब्नित्सनं १७०३ साली जे निबंध लिहून मांडलं, ते आत्यानं पदर खोचून मांडलं होतं. तिनं मोठ्या मापापासून सुरुवात केली. माझी बाकी चिपट्यापासून निघत होती. छापताना ती उलटवायची राहिली होती.

"आत्या, माझ्या हिशेबानं अडशेरी, मापटं आणि चिपटं निघत होतं."

"म्हंजे अकराच. दोन चिपटी मारलीस की रं गरिबाची! आन् हे शिकायला पैसं भरलंस?"

लाईट आल्यावर एक ओळ बदलली. उत्तर बरोबर आलं. तेवढ्यात आत्यानं शेजारणीच्या पिशवीत वरून एक ओंजळ टाकली.

"आता हे कशाला? हिशेब तर झाला."

"उसनं काय मोजून फेडत्यात व्हय?"

आठ, चार, दोन, एक, सगळी घरं पुन्हा तपासली. ओंजळ कुठंच बसेना.