जवाईबापूंचं टायमिंग

वर्धा जिल्ह्यात सिंद्या दोन. एक सिंदी रेल्वे, सेलू तालुक्यातली, नागपूर-वर्धा लोहमार्गावरची. दुसरी सिंदी मेघे, वर्ध्याला इतकी चिकटलेली की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं, हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळावं. माझी सासुरवाडी दुसऱ्या सिंदीत आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एक मेकॅनिक पहिल्या सिंदीत जाणार आहे.

गाडी १९९६ सालची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. तिकडे निघायच्या आदल्या रात्री मी तिची घरच्या घरी दुरुस्ती केली. तिला काही झालेलं नव्हतं, झालं होतं ते मला. मागच्या खेपेला सासरे अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसले होते आणि मान वर न करता त्यांनी विचारलं, "गाडीचं काही घरी करता का तुम्ही?" प्रश्न साधा. पण १९३६ साली गांधीजी इथून जवळच्या शेगावात राहायला आले, त्याचं सेवाग्राम झालं, आणि सूत कातण्यापासून संडास झाडण्यापर्यंत ज्याचं त्यानं करावं अशी रीत या मातीत रुजली. अशा ठिकाणच्या जावयाला प्लग साफ करायलाही माणूस लागतो, हे कबूल करताना जीभ जड झाली. "करतो की," मी म्हणालो. सगळं रामायण या दोन शब्दांचं.

तर मी पॉइंट घासले, प्लग पुसले, डिस्ट्रिब्युटर ढिला करून जरा फिरवला आणि परत बसवला. शेवटी एक वॉशर उरला. "कंपनीपेक्षा कमी सामानात भागवलं," असं मी बायकोला ऐकवलं. ती काही बोलली नाही. वॉशर उचलून तिने पर्समध्ये टाकला. वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याविरुद्धचे पुरावे कधी फेकलेले नाहीत.

नागपूर ते वर्धा पाऊणशे किलोमीटर. बुटीबोरीपर्यंत गाडी झकास. केळझर आलं आणि पिकअप गेला. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, भीमाने बकासुराला इथेच लोळवलं, असं इथली मंडळी सांगतात. टेकडीवरच्या गणपतीला मी चालत्या गाडीतूनच हात जोडले, कारण थांबलो असतो तर पुन्हा निघेन याची खात्री नव्हती. गाडी बकासुरासारखी पेट्रोल पीत होती आणि बैलासारखी चालत होती. तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकत होता. पवनारला धाम नदी आली आणि गेली. विनोबांच्या आश्रमाकडे बघायला मान वळवली, तेवढ्यात सायलेन्सर पहिल्यांदा फाटकन वाजला.

सिंदी मेघेच्या गल्लीत शिरताना तो सहावा बार होता. लोक गॅलरीत आले. "वरात आली का गा कोनाची?" एका म्हातारीने विचारलं. सासरे फाटकात उभे. त्यांना ऐकू कमी येतं आणि कानाचं यंत्र कपाटात, डब्यात, अगदी सुरक्षित असतं. ते प्रेमाने म्हणाले, "आवाज नाही काही नाही, मस्त ठेवली गाडी."

दुसऱ्या दिवशी मे महिन्यातले दुपारचे बारा. मी बॉनेट उघडलं. ४५ अंशांत मारुतीचं बॉनेट म्हणजे तवाच, आत इंजिनऐवजी पाटोड्या टाकल्या असत्या तरी झाल्या असत्या. सासरे मुकाट्याने काळी छत्री घेऊन आले आणि माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले. स्वतः उन्हात. "बाबा, तुम्ही आत जा," मी तीनदा ओरडलो. त्यांना ऐकू आलं नाही. चौथ्यांदा ओरडवलं नाही.

भोवती सल्लागार मंडळ जमलं. पेट्रोलात पाणी असन. बॅटरी बसली असन. नजर लागली असन. या देशात डॉक्टर कमी पडतील, पण बंद गाडीभोवती निदान करणारा माणूस कधी कमी पडणार नाही. त्यांचं तोंड बंद करण्यासाठी मी प्लगच्या तिन्ही वायरी उपसल्या, पुसल्या आणि शाळेत शिकल्याप्रमाणे एक, दोन, तीन अशा ओळीने लावल्या. या इंजिनात ठिणगीचा क्रम एक, तीन, दोन असतो. किल्ली फिरवली. या वेळी बार सायलेन्सरात न होता कार्बोरेटरातून वर आला. माझी डावी भुवई अजून वाढते आहे.

"चालू झाली का?" सासऱ्यांनी विचारलं.

मेहुण्याने नागपूरच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तासाभराने तो मेकॅनिक सिंदी रेल्वेत उभा राहून आमचं घर शोधत होता. शेजाऱ्याने बैलजोडी देऊ केली, आणि तीही गंभीरपणे. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्डला बैल जुंपत, तिला 'ऑक्स-फोर्ड' म्हणत, असं वर्ध्यातली जुनी माणसं सांगतात. सासऱ्यांनी तो किस्सा पूर्ण सांगितला. मी ऑक्सफर्डला जाता जाता वाचलो.

शेवटी लुनावरून एक म्हातारे मिस्त्री आले. आधी पानाची पिंक टाकली, मग इंजिनात पाहिलं.

"ह्या वायरी कोनं लावल्या?"

"मी."

"मंग बराबर आहे."

दोन वायरींची अदलाबदल केली आणि डिस्ट्रिब्युटरला हात लावला. तो नळाच्या तोटीसारखा फिरला. "हे तं मोकळंच होऊन रायलं, भाऊ." बोल्ट ढिला राहिलेला. आत फिरणारा रोटर सगळ्या डिस्ट्रिब्युटरला नागपूरपासून हळूहळू आपल्याबरोबर ओढत आलेला. त्यामुळे ठिणगी दर मैलाला उशिरा, इंजिन तापलेलं, अर्धवट जळालेला गॅस सायलेन्सरात जाऊन फुटलेला.

"याचा वाशर कुठी आहे?"

बायकोने पर्स उघडली.

मिस्त्रींनी कान लावून टायमिंग जुळवायला घेतलं. सासऱ्यांनी छत्री मिटली, पुढे आले आणि फेंडरवर तळहात ठेवला. मिस्त्री डिस्ट्रिब्युटर केसभर सरकवत आणि सासऱ्यांकडे बघत. सासरे मान हलवत, नाही. पुन्हा केसभर. नाही. मग एकदम त्यांचे डोळे मिटले. "हां, आता धडधड बसली." मिस्त्रींनी बोल्ट आवळला. ते काही सासऱ्यांच्या मानापोटी थांबले नव्हते. त्यांच्याही कानाला तेच पटलं असावं. चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या पाठीवर फिरलेला सासऱ्यांचा तो हात मी पहिल्यांदाच नीट पाहिला.

बाकी प्रवास : गीताई मंदिराला छप्पर नाही, तळपाय भाजले. गोरसपाक दोन पुडे घेतला, एक सेलूपर्यंत संपला.

नागपूरला पोचल्यावर फोन केला. "बाबा, पोचलो." तिकडून नुसतं "हॅलो, हॅलो". मी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि फोन आत धरला.

"हो हो," सासरे म्हणाले, "तिन्ही चालू आहेत."