दिसतंय, म्हणजे बिघडलंय

इंटरनेट हळू चालायला लागलं की आधी केबलवर, मग पावसावर आणि शेवटी कंत्राटी संगणकवाल्या पोरावर ठपका ठेवायचा, ही आपल्या कार्यालयांची रूढ कार्यपद्धती. एका निमसरकारी कार्यालयातल्या पोराने मात्र ठपका यायच्या आत चौकशी केली. त्याने मोठ्या साहेबांच्या संगणकावर टीसीपीव्ह्यू नावाचं फुकट मिळणारं साधन उघडलं, जरा वेळ पडद्याकडे बघितलं आणि तो अवघडून उभा राहिला. तेव्हापासून तिथे इंटरनेटविषयी एकही तक्रार नाही. सगळ्या तक्रारी साधनाविरुद्ध आहेत.

हे साधन मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचं. विंडोजच्या पोटात काय चाललंय ते ही मंडळी इतकं उघड करून दाखवू लागली, की २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. आपल्याकडे एवढ्या गुणांवर फार तर विभागीय चौकशी लागते.

टीसीपीव्ह्यू म्हणजे संगणकाची आवक-जावक नोंदवही. कोणत्या प्रोग्रामने कोणत्या पोर्टवरून कोणत्या पत्त्याशी संधान बांधलंय, याची एकेक ओळ. नवी जोडणी हिरवी, स्थिती बदललेली पिवळी, बंद होणारी लाल. साहेबांचा पहिला आक्षेप इथेच आला. हिरवा रंग वापरायला हे साधन राजपत्रित आहे का?

दुसरा आक्षेप आस्थापना शाखेचा. काही ओळींपुढे 'टाइम वेट' असं लिहिलेलं, आणि मालक प्रोग्रामचा पत्ता नाही. पोराने समजावलं, की मॅडम, प्रोग्राम काम संपवून गेला, पण वाटेत रेंगाळलेलं एखादं पाकीट नंतरच्या जोडणीत घुसू नये म्हणून टीसीपी ती नोंद थोडा वेळ जपून ठेवतो. १९८१ च्या मूळ नियमात पाकिटाचं आयुष्य जास्तीत जास्त दोन मिनिटं धरलंय, आणि थांबायचं त्याच्या दुप्पट. म्हणजे चार मिनिटं. यात बिघाड काहीच नाही. मॅडमनी मान डोलावली. गेलेल्या माणसाचं नाव यादीत राहण्याबद्दल त्यांची हरकत नव्हतीच. फक्त चार मिनिटांत काढून टाकणं त्यांना घाईचं वाटलं.

'क्लोज वेट'चं प्रकरण मात्र खरंच गंभीर होतं. समोरच्याने 'माझं झालं' म्हणून कळवलंय, आपल्याकडे ते पोचलंय, पण आपला प्रोग्राम जोडणी बंदच करत नाही. अशी एखादी ओळ दिसली तर सोडून द्यावी. सकाळपासून त्या वाढतच असतील, तर दोष त्या प्रोग्रामच्या लिखाणात असतो. इथे त्या वाढत होत्या, आणि सगळ्यांपुढे एकच नाव होतं: निविदा काढून घेतलेली हजेरीची प्रणाली. पण तिचं बिल अदा झालेलं असल्यामुळे तिच्यात दोष असू शकत नव्हता. टिपणीत शेरा पडला, 'साधन चुकीच्या नोंदी दाखवते.'

लेखा शाखेने तर हेरच पकडला. एक संगणक 'वन-ई-हंड्रेड डॉट नेट' या नावाच्या कुणाशी तरी दिवसभर बोलत होता. पोलिसांना कळवायचा मसुदा तयार झाल्यावर पोराने सांगितलं, की हे गूगलचंच नाव आहे. एकावर शंभर शून्यं म्हणजे गूगॉल, तीच संख्या शास्त्रीय पद्धतीने लिहिलीय. मसुदा मागे घेतला गेला. मात्र एकावर शंभर शून्यांना प्रशासकीय मान्यता कुणी दिली, हा लेखा शाखेचा प्रश्न अजून प्रलंबित आहे.

पुढची तक्रार रास्त होती. यादी मध्येच अडकायची. कारण पत्त्यांची नावं दाखवायचा पर्याय चालू होता, आणि प्रत्येक आकडी पत्त्याचं नाव काढायला साधन स्वतःच डीएनएसकडे विचारणा करत होतं, तीही त्याच रखडलेल्या जोडणीवरून. पर्याय बंद केल्यावर यादी सुरळीत झाली. चौकशी करणाऱ्याचाच खर्च चौकशीत धरायचा असतो, हे कार्यालयात कुणाला नव्याने सांगावं लागलं नाही.

आता राहिली ती ओळ, जी बघून पोरगा अवघडला होता. पाठवलेल्या बाइटच्या रकान्यात एकच आकडा सारखा फुगत होता. साहेबांच्या संगणकावरून साहेबांच्या पुतण्याच्या लग्नाचं अख्खं चित्रीकरण, हळदीपासून पाठवणीपर्यंत, क्लाउडवर चढत होतं. कार्यालयाचं इंटरनेट तिथे जात होतं. ही ओळ दिसताच साहेब म्हणाले, "अरे, हे साधन पार बिघडलंय. दुरुस्त करून घे."

"साहेब, दुरुस्त म्हणजे काय करू?"

"असलं काही दिसायला नको."

दुरुस्ती समितीने झाली. समितीने टीसीपीव्ह्यू काढून नेटस्टॅट वापरण्याची शिफारस केली. नेटस्टॅट १९८३ च्या बीएसडी युनिक्सपासून सेवेत आहे. ज्येष्ठता यादीत त्याचंच नाव वर. शिवाय गोपनीयतेच्या दृष्टीने सर्व संगणकांवरचे प्रशासकीय हक्क काढून घेण्यात आले. आता कोणता प्रोग्राम कुठे जोडलाय हे विचारायला कुणी 'नेटस्टॅट उणे बी' असा आदेश दिला, की विंडोज एकही नोंद न दाखवता एवढंच कळवतं, की या कामासाठी वरच्या दर्जाची परवानगी लागेल.

हे उत्तर समितीला इतकं पसंत पडलं, की तेच वाक्य आता माहितीच्या अधिकारातल्या अर्जांनाही देता येईल का, यावर विधी शाखेचा अभिप्राय मागवलाय. पोराच्या गोपनीय अहवालात साहेबांनी हिरव्या शाईने लिहिलं, 'तांत्रिक ज्ञान उत्तम. दृष्टी सुधारण्यास वाव आहे.'