दाजींची दख्खन मोहीम

छत्रपती संभाजीनगर ही माझी सासुरवाडी. जगभरातून माणसं तिथे लेणी पाहायला येतात. मी सणावाराला जातो, पुरणपोळी खातो आणि दुपारभर झोपतो. तरी एवढ्या वर्षांत वेरूळचं कैलास लेणं पाहून झालं (थोर आहे), पाणचक्की पाहून झाली (हौदातले मासे माझ्याच अंगलोटाचे आहेत), आणि बीबी का मकबरा तर सासरच्या प्रत्येक नव्या बाळाच्या फोटोनिमित्त पाहून झाला.

या खेपेला मी जेवताना जाहीर केलं, की मला सोनेरी महाल पाहायचाय. पंगतीत शांतता पसरली. सासूबाई म्हणाल्या, "तिथं काय आहे पाहण्यासारखं?" जन्मभर गावात राहिलेलं माणूस असं म्हणालं, की ती जागा चुकवू नये.

मग मी पोळी बाजूला ठेवून व्याख्यान सुरू केलं. बुंदेलखंडातल्या ओरछाचा राजा पहाडसिंह. त्याचा बाप वीरसिंह देव, ज्याने शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून 1602 साली अबुल फजलला ठार केलं. भाऊ जुझारसिंह शाहजहानविरुद्ध बंड करून जिवानिशी गेला. पहाडसिंहाने हे सगळं पाहिलं आणि मोगलांची चाकरी धरली. 1641 मध्ये त्याला ओरछाची गादी मिळाली. मोगलांबरोबर तो दख्खनमध्ये आला आणि सतराव्या शतकाच्या मध्याला त्याने इथे डोंगराच्या पायथ्याशी हा वाडा बांधला. "तुमचा पहाडसिंगपुरा आहे ना, तो त्याच्याच नावाचा!"

"पहाडसिंगपुऱ्यात माझा मेकॅनिक राहतो," मेहुणा म्हणाला. इतिहासाची या घरात एवढीच नोंद झाली.

मेहुण्याकडे मोटार आहे. पण "दाजी, मकाई दरवाजात मोटार अडकती. स्कूटरच बरी," असं म्हणून त्याने माझ्या सासऱ्यांची जुनी स्कूटर बाहेर काढली. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. स्कूटर दर रविवारी धुतली जाते, वापरली मात्र पाहुण्यांसाठीच जाते. मी मागे बसलो. स्कूटरने एक दीर्घ सुस्कारा टाकला, तो मी मनाला लावून घेतला नाही.

औरंगजेबाने 1682 मध्ये मराठ्यांच्या धास्तीने या शहराभोवती तट बांधला. त्याचे मुख्य दरवाजे चार: दिल्ली, जालना, पैठण आणि मकाई. मकाई दरवाजाला लागून खाम नदी जाते, कमानीत शिरायचं आणि पुलावरून बेगमपुऱ्याकडे बाहेर पडायचं. बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घोडे आणि पालख्या असतील. आज तिथून सारं विद्यापीठ ये-जा करतं. ज्या तटाने मराठे अडवायचे होते, त्याच्या दरवाजात भर दुपारी दोन मराठी माणसं अडकली. स्कूटर कमानीच्या बरोब्बर मध्यभागी बंद पडली. बादशहाची योजना सफळ झाली, थोडा उशीर झाला एवढंच.

मागे रिक्षा, रिक्षामागे लग्नाच्या खुर्च्या भरलेला टेम्पो, त्यामागे बँडवाल्यांची गाडी, आणि समोरून तेवढंच सैन्य. मेहुण्याने किक मारली. पुन्हा मारली. स्कूटर ढिम्म. रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "पहले पीछे वाले चचा को उतारो." मी केव्हाच उतरलो होतो; नुसतं शेजारी उभं राहूनही मी वजन टाकतोय, असा त्याचा समज झाला असावा.

आपल्याकडे बंद पडलेल्या स्कूटरइतकं लोकशिक्षण दुसऱ्या कशाने होत नाही. "चोक खींचो." "चोक कायकू? तिरछी करो!" आम्ही ती डावीकडे कलती केली. एक आजोबा म्हणाले, "उजवीकडं करा, पेट्रोल तिकडं साचलंय." उजवीकडे केली. खुर्च्यांच्या टेम्पोवरचा पोरगा वरूनच ओरडला, "प्लगात कचरा आलाय!" कमानीत आवाज घुमत असल्यामुळे प्रत्येक सल्ला दोनदा ऐकू येत होता. बँडवाल्यांपैकी एकाने कंटाळून क्लॅरिनेट काढलं आणि वरातीतली धून लावली. स्कूटर मध्ये, भोवती माणसं, वर कमान. अक्षता तेवढ्या राहिल्या होत्या.

मला टॅव्हर्निए आठवला. या फ्रेंच जवाहिऱ्याने मकबऱ्यासाठी संगमरवर वाहणाऱ्या 300 गाड्या वाटेत पाहिल्याचं लिहून ठेवलंय. लहानात लहान गाडीला 12 बैल. त्या ताफ्याच्या मागे कोणी तरी जावई नक्कीच खोळंबला असणार. हे मी मेहुण्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं मनातच ठेवलं.

प्लग पुसायला फडकं हवं होतं. त्याने डिकी उघडली. आत पान्हा होता, एक कंगवा होता आणि घडी घातलेला पांढरा रुमाल. तो रुमाल त्याने हातात घेतला, क्षणभर धरला आणि तसाच घडीत परत ठेवला. मग स्वतःच्या नव्या शर्टाच्या टोकाने प्लग पुसला. मागून हॉर्न वाजतच होते. मी वळून पहिल्यांदाच मोठ्याने ओरडलो, "अहो, थांबा ना जरा!" सगळे गप्प झाले. सर्वांत जास्त आश्चर्य मला वाटलं.

शेवटी पहाडसिंगपुऱ्याचा मेकॅनिक आला, पायीच. दुसरं काही आत शिरणं शक्य नव्हतं. त्याने कार्बोरेटर उघडला, जेट ओठांत धरून एक फुंकर मारली, परत बसवला. पहिल्या किकला स्कूटर सुरू. गर्दी नाराज होऊन पांगली.

सोनेरी महालाच्या समोर हत्तीखाना आहे, नक्षीदार कमानीचा. हत्ती ही वाहनव्यवस्था मला एकदम पटली. कमानीपलीकडे उंच जोत्यावर दगड-चुन्याचा दुमजली महाल, मागे डोंगर, आणि माणसं जवळजवळ नाहीत. आतल्या चित्रांत सोन्याचा वापर होता, त्यावरून हे नाव पडलं. आता सोनं शोधावं लागतं. एका कोपऱ्यात मान मोडून पाहिलं, तर पुसट पिवळी लकेर दिसली. ती सोन्याची की उन्हाची, यावर आमचे मतभेद झाले. राज्य पुरातत्त्व खात्याने इथे संग्रहालय मांडलंय. दगडी मूर्ती आहेत, जुनी भांडी आहेत. एका सुरेख मूर्तीसमोर मेहुणा बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हे एवढ्या जवळ होतं?"

पहाडसिंहाचं मला फार वाटलं. दुसऱ्याच्या लढाईसाठी घरापासून एवढ्या लांब यायचं, दिलेल्या जागी उतरायचं, वर पुन्हा भिंतींना सोनं लावायचं. मोगल दरबारात त्याची गत सासुरवाडीतल्या जावयासारखी: मान मोठा, मालकी शून्य. आणि नंतर शेजारी उभा राहिला तो मकबरा. त्याचा खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाल्याचं सांगतात. तेव्हापासून सगळी पावलं तिकडेच वळतात.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. 2023 मध्ये वेरूळ-अजिंठा महोत्सव या महालासमोर झाला. रंगीत दिव्यांत न्हालेला महाल शहराने गायकांच्या मागे पाहिला, मोबाइलवर टिपला आणि घर गाठलं. त्या प्रेक्षकांत माझी अर्धी सासुरवाडी होती. पडदा सुंदर होता, असं सासूबाईंनी त्या रात्री मला फोनवर सांगितलं होतं.

तेव्हा मंडळी, मकबऱ्याला जाल तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवा. विद्यापीठाच्या रस्त्याने पुढे जा आणि हा वाडा आतून पाहा. सरकारी संग्रहालयाला सुटीचा वार असतो, तो आधी विचारून घ्या. आणि सकाळी लवकर निघा. मकाई दरवाजा तेव्हा मोकळा असतो.